खुब्याचे कवच
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. तीस वर्षे या मंडळात शिवणाचा वर्ग चालवला, एवढेच माझे भांडवल. हातात कात्री असली म्हणजे मला बोलणे सुचते. रिकाम्या हातांनी उभे राहिले की हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. पण गेल्या महिन्यात कार्यवाहबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, यंदा वर्धापनदिनाला तुम्हीच बोलायचे. विषय तुमचा तुम्ही ठरवा." मी म्हटले, "विषय ठरलेलाच आहे. पण तो ऐकून बायका हसतील." त्या म्हणाल्या, "हसू द्या की!"

तेव्हा ते काम आधी उरकून टाकू. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती वस्तू या क्षणी माझ्या अंगात आहे. परकराच्या आत आहे, म्हणून तुम्हांला दिसत नाही. घट्ट बसणारी आखूड चड्डी असते, तिला दोन्ही कुल्ह्यांवर दोन खिसे असतात आणि त्या खिशांत एकेक गादी. झाले हसून? आता ऐका.

या वस्तूला इंग्रजीत हिप प्रोटेक्टर म्हणतात. मी आपले तिला खुब्याचे कवच म्हणते. क्रिकेट खेळणारी आपली नातवंडे मांडीला पॅड बांधून मैदानात उतरतात, तेव्हा त्यांना कोणी हसत नाही. उलट पॅड न बांधता गेला तर आपणच मागून ओरडतो. त्यांना तिथे चेंडूची भीती. आपल्याला या वयात भीती कशाची, तर मोरीतल्या ओल्या फरशीची. चेंडू लागून मांडी काळीनिळी होते, महिनाभरात बरी होते. मोरीत पडून खुबा मोडला, तर घरच्या म्हातारीचे चालणे सुटते. कित्येकींचे आयुष्यच तिथून उताराला लागते. मग पॅडची गरज अधिक कोणाला, तुम्हीच सांगा.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. ते फार महागात पडलेले शहाणपण आहे. त्याची हकीकत सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

आमच्या सासूबाईंना आळीत सगळे माई म्हणत. तुमच्यापैकी जुन्या मंडळींना त्या आठवत असतील. मंडळाच्या भजनात पहिली ओळ त्यांचीच असायची. सन १९९५ च्या पावसाळ्यात त्या अंगणात घसरल्या. वय ७७. त्या खेपेस हाड वाचले, पण कुल्ह्यावर हा एवढा काळा डाग पडला. डॉक्टरांनी बजावले, "पुन्हा पडू देऊ नका." आता पडू देऊ नका म्हणजे काय करायचे? माई काही एका जागी बसणाऱ्या नव्हत्या. पहाटे चारला उठून, दिवा न लावता, मोरीत जाऊन तोंड धुणार. दिवा का नाही, तर मुलांची झोपमोड होते म्हणून.

मला एक युक्ती सुचली. माझा धाकटा मुलगा तेव्हा क्रिकेट खेळायचा. त्याचे मांडीचे पॅड वाळत घालताना मनात आले, असेच काही माईंना शिवून दिले तर? मी शिवणाची बाई. दोन रात्री जागून माईंच्या परकराला आतून दोन्ही बाजूंना कापसाच्या गाद्या शिवल्या. गोधडीसारखे बारीक टाके घातले. मंडळात आणून दाखवले तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. एकीने तर नमुनाही कापून घेतला. माईंनी आठ दिवस कुरकूर केली आणि मग "सुनेने शिवले आहे, घालते हो" म्हणून घालू लागल्या. मी निश्चिंत झाले. माझी चूक जर कुठे असेल तर ती त्या निश्चिंतपणात आहे.

सात महिन्यांनी, १९९६ च्या फेब्रुवारीत, पहाटे मोरीतून आवाज आला. मी धावले. माई उजव्या अंगावर पडल्या होत्या. अंगात तोच परकर होता. पण मी शिवलेली गादी खुब्यावर नव्हती. परकर कमरेभोवती फिरला होता आणि गादी पुढे मांडीवर आली होती. खाली फरशी, वर माईंचे सगळे वजन, आणि मधे एका पातळ कापडाखेरीज काही नाही.

पुढे आम्ही दुसरी चूक केली. दोघांनी धरून त्यांना उठवले, खुर्चीत बसवले, तेल कोमट करून पाय चोळला. "मुका मार असेल, उतरेल," असे म्हणत सबंध दिवस घालवला. पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते. डोळ्यांना दिसत होते, पण त्याचा अर्थ कळत नव्हता. दुसऱ्या दिवशी मिरजेला नेले तेव्हा कळले, खुब्याचे हाड मोडले आहे. शस्त्रक्रिया झाली. ती नीट झाली, त्यांत कोणाला बोल लावायला जागा नाही. पण माई परत अंगणात तुळशीपर्यंत चालत गेल्या नाहीत. चौदा महिने खाटेवर काढले.

मी त्यांच्याजवळ एकदा रडले. म्हटले, "माई, माझी शिवण चुकली हो." त्या म्हणाल्या, "तुझी शिवण नाही गं चुकली, माझा पाय चुकला." त्या मोठ्या मनाच्या होत्या, म्हणून तसे म्हणाल्या. पण शिवण चुकलीच होती. ती नेमकी कशी चुकली हे मला बऱ्याच वर्षांनी समजले, आणि ते तुम्हांला समजावे अशी माझी इच्छा आहे. कारण आजही घरच्या घरी असे काही शिवावे हे कोणाच्याही मनात येण्यासारखे आहे.

माझी पुतणी मुंबईला फिजिओथेरपिस्ट आहे. तिने एके दिवाळीत मला बसवून सगळे समजावून दिले. ती म्हणाली, "काकू, उभी राहा आणि कुल्ह्याच्या बाजूला हात लावून बघ." तुम्हीही बसल्या जागी लावून पाहा. कमरेच्या हाडाखाली, मांडी जिथे सुरू होते तिथे बाहेरच्या बाजूला एक टणक उंचवटा हाताला लागतो. तो मांडीच्या हाडाचा वरचा कोपरा. तिथून हाड आत वळते, निमुळते होते आणि त्याच्या टोकाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो. मोडते ते बहुधा या निमुळत्या मानेपाशी किंवा उंचवट्याच्या आसपास. माणूस पुढे पडले तर हात टेकतो, मागे पडले तर ढुंगणावरच्या मांसावर आपटतो. पण एका अंगावर पडले की सगळा भार त्या उंचवट्यावर येतो. तिथे मांसही थोडे. अंगाने वाळलेल्या म्हातारीच्या तिथे तर कातडी आणि हाड, मधे काहीच नाही. त्यात हाड आतून पोकळ, ठिसूळ झालेले. म्हणून आडवे पडणे हे इतर पडण्यापेक्षा खुब्याला कितीतरी पटींनी घातक.

मग कवच काय करते? ते दोन प्रकारचे असते. एक मऊ, दुसरे कठीण. मऊ प्रकारात दाट फोमसारखी गादी असते. ती दबते आणि आदळण्याचा जोर स्वतःत जिरवते. कठीण प्रकार समजायला एक सोपा दाखला देते. ओट्यावर अंडे ठेवा आणि त्यावर वाटी पालथी घाला. आता वाटीवर हात दाबा. अंडे फुटत नाही, कारण हाताचा भार वाटीच्या काठाकडे जातो. कठीण कवच या पालथ्या वाटीसारखे असते. पडल्यावर जोर उंचवट्यावर न येता सभोवतालच्या मांसाकडे वळतो. तेवढे मांस दुखेल, पण हाड वाचण्याची आशा असते.

हे ऐकल्यावर माझ्या चुका मला एकेक करून दिसू लागल्या. पहिली चूक परकराची. परकर सैल असतो, चालताना फिरतो. कवच अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यातच हवे आणि नेमके त्या उंचवट्यावर हवे. चार बोटे पुढे गेले तर असून नसल्यासारखे. दुसरी चूक कापसाची. गादीचा कापूस बसला की आपण पिंजाऱ्याकडून पिंजून घेतो, हे का आपल्याला ठाऊक नाही? सात महिने धुऊन धुऊन माझ्या गाद्यांची पापडी झाली होती. तिसरी चूक अशी की मी तिची परीक्षा कधी घेतलीच नाही. या वस्तूंची प्रयोगशाळेत यंत्रावर आपटून परीक्षा घेता येते. कोणती गादी किती जोर अडवते हे मोजता येते आणि बाजारातल्या सगळ्या काही सारख्या उतरत नाहीत. तिथे माझ्या गोधडीच्या टाक्यांचे काय घेऊन बसलात! म्हणून शिवणाची बाई असूनही मी सांगते, हे घरी शिवू नका. ज्या मैत्रिणीने तेव्हा माझा नमुना कापून घेतला होता तिला मी मागेच सांगितले आहे, आज सर्वांना सांगते.

आता तुम्ही विचाराल, ही विकतची वस्तू तरी खरोखर उपयोगी पडते का? मीही हेच विचारले. मी काही कोणाची विक्रेती नाही, म्हणून जे अनुकूल आहे ते सांगते आणि जे प्रतिकूल आहे तेही सांगते.

पहिला गाजलेला प्रयोग डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या एका शुश्रूषागृहात झाला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या २४७ वृद्धांना कवच दिले, ४१८ जणांना दिले नाही. कवच न दिलेल्यांपैकी ३१ जणांचे खुबे मोडले, म्हणजे शेकडा सुमारे ७. कवच दिलेल्यांपैकी ८ जणांचे मोडले, म्हणजे शेकडा सुमारे ३. आणि गंमत अशी, गंमत कसली, कळकळीची गोष्ट अशी की, त्या आठांपैकी एकानेही पडण्याच्या वेळी कवच घातलेले नव्हते. दिलेले होते, पण अंगात नव्हते.

दुसरा मोठा प्रयोग फिनलंडमध्ये झाला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात १८०१ अशक्त वृद्ध होते. कवच दिलेल्या ६५३ जणांत १३ खुबे मोडले, न दिलेल्या ११४८ जणांत ६७. पण मला त्यातला दुसरा हिशेब अधिक बोलका वाटतो. कवच दिलेली हीच माणसे ते अंगात असताना १०३४ वेळा पडली, तेव्हा ४ खुबे मोडले. ते काढून ठेवलेले असताना ३७० वेळा पडली, तेव्हा ९ मोडले. हजारी हिशेब केला तर एकीकडे ४ आणि दुसरीकडे २४.

इथवर ऐकून वाटेल, आजच मागवावे. पण थांबा. अमेरिकेत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शुश्रूषागृहांतल्या १०४२ वृद्धांना एकाच बाजूला गादी असलेली चड्डी दिली आणि त्याच माणसाची गादीची बाजू व बिनगादीची बाजू यांची तुलना केली. दोन्हींत फरक दिसला नाही. ती गादीच पुरेशी चांगली नव्हती, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. पण निकाल तो निकाल. पुढे २०१४ मध्ये १९ प्रयोगांचा, म्हणजे सुमारे १७ हजार माणसांचा, एकत्र आढावा घेतला गेला. त्यातून निघाले ते असे: वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात राहणाऱ्यांना या कवचाचा थोडा फायदा होत असावा, हजार माणसांमागे सुमारे ११ खुबे कमी मोडावेत. आपापल्या घरी राहणाऱ्यांत मात्र फारसा फरक आढळला नाही. ओटीपोटाच्या हाडाला इजा होण्याचा संभव किंचित वाढतो की काय, अशीही शंका निघाली. आणि कवच घातल्याने पडणे कमी होत नाही, हे तर उघडच आहे. छत्रीने पाऊस थांबतो का?

घरी राहणाऱ्यांना गुण का येत नाही, याचे एक मोठे कारण तुमच्या माझ्यासारख्यांना सांगायला नको. ते घालतच नाहीत! आठ दिवस कौतुकाने घालतात आणि मग ते कपाटात जाते. दुसरे कारण असे की घरी राहणारी धडधाकट माणसे मुळातच कमी पडतात. म्हणजे ही वस्तू सरसकट सगळ्यांसाठी नाही. ज्या वारंवार पडतात, ज्यांचे हाड ठिसूळ झाल्याचे तपासणीत दिसले आहे, ज्यांचे एखादे हाड साध्या पडण्याने आधी मोडले आहे, ज्यांच्या अंगावर मांस उरलेले नाही, ज्यांना उठता बसता झोक जातो, त्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता माझी स्वतःची गोष्ट. एवढे सगळे समजून उमजून मी तरी काय केले? पुतणीने माझ्यासाठी दोन कवचे मागवून पाठवली. मी त्या वेळी ६९ वर्षांची. मी पुडके उघडले, बघितले आणि कपाटात ठेवून दिले. मनात म्हटले, मी काय एवढी म्हातारी झाले? आधीच कंबर जाड, त्यात आणखी दोन गाद्या! साडी चापूनचोपून नेसायची सवय, ती कशी बसेल? सुनेने दोनदा आठवण केली, तेव्हा मी तिच्यावर चिडले. म्हणाले, "तुला काय वाटते, मी उद्याच पडणार आहे?" ती बिचारी गप्प बसली.

चार महिन्यांनी मी गॅलरीत पाय घसरून पडले. हातावर पडले म्हणून खुबा वाचला, मनगट मोडले. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "आजी, हे मनगट म्हणजे पहिली घंटा समजा. साध्या पडण्याने हाड मोडले, याचा अर्थ हाडे कमकुवत झाली आहेत." हाडांची घनता मोजली, तेव्हा ते खरेच निघाले. गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर सून काही बोलली नाही. तिने नुसते कपाट उघडून ते पुडके माझ्या खाटेवर ठेवले. त्या वेळी मला माईंचे शब्द आठवले, "सुनेने शिवले आहे, घालते हो." माईंनी माझ्या चुकलेल्या शिवणीचा मान राखला, आणि मी माझ्या सुनेच्या खऱ्या काळजीचा मान राखला नाही, याची मला लाज वाटली. त्या दिवसापासून मी घालू लागले, त्याला आता चार वर्षे होतील.

अनुभव विचाराल तर खरा सांगते. पहिले पंधरा दिवस नकोसे वाटले. उन्हाळ्यात घाम येतो, कातडी लाल होते. तिथे रोज पाहावे लागते, कोरडे ठेवावे लागते. एकाने भागत नाही, धुण्यावाळवण्यासाठी निदान दोन तीन लागतात. माप कुल्ह्यांचे घ्यावे, कमरेचे नव्हे. सैल घेतले की माझ्या परकरासारखी गत आणि फार घट्ट घेतले की रात्री घाईच्या वेळी खाली सरकत नाही. ही शेवटची अडचण सर्वांत मोठी. आपल्या वयात लघवीला थांबवत नाही, हे काय मी एकटी जाणते? म्हणून ज्यांचे हात आखडले आहेत, ज्यांना स्वतःला कपडा वरखाली करता येत नाही, त्यांनी घरातल्या माणसाची मदत ठरवून मगच घ्यावे. नाहीतर कवच काढण्याच्या धडपडीतच पडायचे! आणि घालायचे तर रात्रीही घालावे. दिवसा मिरवायला घालून रात्री काढून ठेवले, तर पहाटेची मोरी काही सोडत नाही.

साडीचे म्हणाल तर परकराच्या आत काही कळत नाही. आज मघापासून मी तुमच्यासमोर उभी आहे; मी सांगितले नसते तर कोणाला कळले असते का? अजून देवाच्या कृपेने ते घालून मी पडलेले नाही. तेव्हा त्याने मला वाचवले असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की पहाटे उठताना मनात जी धाकधूक असायची ती कमी झाली आहे आणि मी पुन्हा देवळापर्यंत चालत जाऊ लागले आहे. पडण्याच्या भीतीने बायका घरात बसतात, बसून पाय आणखी अशक्त होतात, आणि मग खरोखरच पडतात. हे चक्र कुठेतरी तुटले पाहिजे.

पण मैत्रिणींनो, कवच हा शेवटचा बांध आहे. पहिला बांध पडूच न देण्याचा. त्यासाठी विकत काही आणावे लागत नाही, किंवा फार थोडे लागते. पहाटे दिवा लावा. मुलांची झोपमोड झाली तरी चालेल, त्यांना पुढची चौदा महिन्यांची झोपमोड परवडणार नाही. खाटेवरून एकदम उठू नका. आधी बसा, दहा अंक मोजा, मग उभ्या राहा. मोरीत व संडासात भिंतीला पक्की दांडी ठोकून घ्या. टॉवेल वाळवायची दांडी नव्हे, वजन पेलणारी. साबणाचे पाणी लगेच ओढून टाका. दारातली सरकणारी पायपुसणी उचला. झिजलेल्या सपाता टाकून द्या. चष्म्याचा नंबर वर्षातून एकदा तपासा. झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाची औषधे यांनी काहींना झोक जातो. आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा. दूध, नाचणी, तीळ आहारात असू द्या, सकाळचे ऊन अंगावर घ्या. ड जीवनसत्त्व कमी आहे का ते तपासून घ्या. आणि रोज पायांना काम द्या. ओट्याला धरून टाचा उचला, खुर्चीतून हात न टेकता उठा बसा. पायांत बळ आणि अंगात तोल असला तर पडणे कमी होते, हे पक्के ठरलेले आहे.

एवढे करूनही कोणी पडलेच, तर आम्ही केले ते करू नका. ओढून उठवू नका, चालवून पाहू नका, तेल चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. पाय आखूड दिसला, पाऊल बाहेर वळले, जांघेत कळ आली, तर खुबा मोडला असे धरून चाला आणि निजल्या स्थितीत तडक रुग्णालयात न्या. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. आम्ही त्यातला एक दिवस तेलात घालवला.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. एक, आपल्या शिवणाच्या वर्गाने गाद्या शिवू नयेत, पण म्हाताऱ्या बायकांसाठी नाडीऐवजी इलॅस्टिकचे, घोट्याच्या वर राहणारे परकर जरूर शिवावेत. पायात अडकणारा लांब परकर आणि रात्री गाठ बसलेली नाडी यांनी किती जणी पडल्या असतील, देव जाणे. कापणे मी शिकवीन. हात अजून चालतो. दुसरी सूचना अशी की दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी चार चार जणींनी आळीतल्या घरी जावे आणि जिथे कोणी वयस्कर आहे तिथली मोरी, दिवा व पायऱ्या पाहाव्यात. हळदीकुंकवाला आपण घरोघरी जातोच. त्याच पावलांनी मोरीपर्यंत जायला काय हरकत आहे?

आणि इथे बसलेल्या सुनांना एक सांगते. सासू कवच घालायला तयार झाली नाही तर भांडू नका. नुसते पुडके खाटेवर ठेवा. आणि सासवांना सांगते, पुडके ठेवलेले दिसले तर फार वाट पाहायला लावू नका.

माईंची ती परकराची गादी मी अजून ठेवली आहे. शिवणाच्या वर्गात नव्या मुली आल्या की मी त्यांना ती दाखवत असे आणि सांगत असे, टाका कितीही सुबक असला तरी कापड अंगावर कुठे बसते हे आधी पाहावे. आज तेच आपणा सर्वांना सांगितले.

  जाताना मागच्या दाराची पायरी जरा जपून उतरा. मघाशी तिथे पाणी सांडले आहे.